दूध, गळ्यातली ग्रंथी आणि आठ दिवस

चेर्नोबिल म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती १९८६ मध्ये सोव्हिएत युक्रेनमध्ये फुटलेली अणुभट्टी आणि शेजारचं ओस पडलेलं प्रिपयात शहर. तिथल्या मुलांना झालेल्या थायरॉईडच्या कर्करोगाचा माग काढायचा तर मात्र गोठ्यात जावं लागतं.

भट्टीतून उडालेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ वाऱ्याबरोबर कुरणावर बसतं. गाय ते गवत खाते आणि एक-दोन दिवसांत ते दुधात उतरतं. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन हवंच असतं. साधं कोणतं, किरणोत्सारी कोणतं, हे तिला ओळखता येत नाही. प्रौढ माणसाची ही ग्रंथी सुमारे २० ग्रॅमची, वर्षाच्या बाळाची जेमतेम २ ग्रॅमची. म्हणजे एकाच भांड्यातलं दूध आई आणि बाळ दोघं प्यायले, तरी खरा मार बसतो तो बाळाच्या ग्रंथीला. पण हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. काही आठवडे ताजं दूध बंद ठेवलं, तर बहुतेक धोका टळतो.

हे १९८६ च्या खूप आधीपासून ठाऊक होतं. १९५४ च्या मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर रोंगेलाप बेटावर पांढरी किरणोत्सारी राख पडली, मुलं त्या राखेत खेळली. १९६३ पासून त्यांच्या थायरॉईडमध्ये गाठी सापडू लागल्या. ऑक्टोबर १९५७ मध्ये ब्रिटनमधल्या विंडस्केलच्या भट्टीला आग लागली, तेव्हा सरकारने चौकशी अहवालातलं बरंच काही दडवलं, पण सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध मात्र थांबवलं. शेतकऱ्यांकडचं दूध गोळा करून ओतून देण्यात आलं.

२६ एप्रिल १९८६ हा शनिवार होता. रात्री भट्टी फुटली, तरी प्रिपयातमधली मुलं दिवसभर नेहमीसारखी बाहेर वावरत होती. शहर रिकामं झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रात किरणोत्सर्ग आढळला, मग २८ तारखेच्या संध्याकाळी मॉस्कोने चार ओळींची बातमी दिली. १ मेला कीव्हमध्ये संचलन झालं, त्यात मुलंही होती. बेलारूस आणि युक्रेनच्या खेड्यांत घरच्या गाईचं दूध पिणं चालूच राहिलं. त्या भागात आहारात आयोडीन मुळातच कमी, त्यामुळे भुकेली ग्रंथी मिळेल ते ओढून घेत होती. शेजारच्या पोलंडने मात्र २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना साधं आयोडीन पाजलं, म्हणजे ग्रंथी त्यानेच भरून राहील आणि किरणोत्सारी आयोडीन फारसं ओढणार नाही. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचतो तो हाच फरक.

१९९२ मध्ये बेलारूसच्या डॉक्टरांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात पत्र लिहिलं. मुलांमधला थायरॉईडचा कर्करोग तिथे १९८६ ते १९८९ दरम्यान वर्षाला सरासरी चार मुलांना होत होता. १९९१ मध्ये हा आकडा ५५ वर गेला. पश्चिमेतल्या अनेक तज्ज्ञांना ते पटेना. इतक्या लवकर कर्करोग कसा होईल, जास्त तपासलं म्हणून जास्त सापडलं असेल, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांचंच खरं ठरलं. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालच्या असलेल्यांत २०१५ पर्यंत १९ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या अंदाजाने त्यांतले सुमारे एक चतुर्थांश किरणोत्सर्गामुळे झालेले. बाकीच्यांत वाढत्या वयाचा आणि कसून तपासणीचाही वाटा आहे.

तपासणीचा हा मुद्दा जपानमधल्या फुकुशिमात आणखी अवघड झाला. २०११ मध्ये तिथल्या अणुकेंद्रात अपघात झाल्यावर दहा-बारा दिवसांत दुधावर बंदी आली आणि मुलांना मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा चेर्नोबिलच्या मानाने फारच कमी राहिली. तरी पहिल्या फेरीत सुमारे तीन लाख मुलांच्या थायरॉईडची सोनोग्राफी झाली, तेव्हा कर्करोगाच्या किंवा त्याचा संशय असलेल्या शंभरावर गाठी निघाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्यांचं कारण किरणोत्सर्ग नसून अतिसूक्ष्म तपासणी आहे, असं म्हटलं. आईबापांना मात्र रिपोर्टवरचा ‘कर्करोग’ हा एक शब्दच दिसतो.

चेर्नोबिलच्या मुलांपैकी बहुतेक जण शस्त्रक्रियेनंतर वाचले. ती आता चाळिशीत, पन्नाशीत आहेत. गळ्यावर आडवा व्रण आहे, आणि ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली त्यांना रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घ्यावी लागते.