नायसियाचा प्रश्न नाशिकच्या दारात

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी शरणपूर रोडवरच्या आमच्या इमारतीत दोन तरुण आले. कपडे नीटनेटके, बोलणं अतिशय नम्र. आजीने आधी पाणी दिलं, मग बसायला सांगितलं. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वचन काढलं, ज्यात येशूला ‘शब्द’ म्हटलं आहे, आणि विचारलं, "इथे ‘शब्द देव होता’ असं छापलंय. पण मूळ ग्रीकमध्ये तसं नाही, हे तुम्हाला कधी कोणी सांगितलं का?"

आजी ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "मला ग्रीक येत नाही, बाळांनो. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मी प्रभू येशूशी बोलते. तो देव नसेल तर इतकी वर्षं मी कोणाची प्रार्थना करत होते?"

मंडळीतल्या तरुणांच्या बायबल अभ्यासात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा बहुतेकांना आजीचं उत्तर भोळं वाटलं. एकाने विचारलं, "पण याला काही इतिहास आहे का? येशू देव आहे, हे चर्चने ठरवलं कधी?" त्या प्रश्नासाठी हे लिहितो आहे. आजीचं उत्तर भोळं नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने जवळजवळ हाच मुद्दा मांडला होता: ख्रिस्त निर्माण केलेला असेल तर त्याची उपासना करणारे आपण सगळे निर्मितीची पूजा करणारे ठरतो, आणि जो स्वतः निर्मिती आहे तो आपलं तारण करू शकत नाही.

चर्चला अगदी आधी भेटलेल्या खोट्या शिक्षणात एक मात्र याच्या नेमकं उलट होतं. येशू देव नव्हता असं ते लोक म्हणत नव्हते. तो खरा माणूस नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. शरीर दिसलं, पण तो भास होता. वधस्तंभावर दुःख झाल्यासारखं वाटलं, झालं नाही. देवाला भूक, घाम, मरण कसं शोभेल, या आदरातूनच ते आलं होतं. योहानाचं पहिलं पत्र त्याला थेट उत्तर देतं: येशू ख्रिस्त देहाने आला असं जो आत्मा कबूल करतो तो देवापासून आहे. त्याच पत्राची सुरुवात ‘आम्ही ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं’ अशी का होते, हे यामुळे कळतं.

दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला बेड्या घालून रोमला नेत होते, तिथे त्याला श्वापदांपुढे टाकायचं होतं. वाटेत लिहिलेल्या पत्रांत तो विचारतो: त्याचं दुःख नुसतं दिसण्यापुरतं होतं, तर मी या बेड्यांत का आहे? मला यापेक्षा बळकट उत्तर कुठे वाचल्याचं आठवत नाही. त्यात तर्कही आहे, आणि तो माणूस मरायला निघाला आहे.

दुसऱ्या टोकाला एबियोनी होते. त्यांच्या मते येशू योसेफ आणि मरीयेचा मुलगा, नियमशास्त्र पाळणारा थोर मनुष्य, त्याहून अधिक काही नाही. इ.स. १८०च्या सुमारास लियॉनचा बिशप आयरेनियस याने या सगळ्या मतांना सविस्तर उत्तर लिहिलं. त्याने लहानपणी पॉलिकार्पला ऐकलं होतं, आणि पॉलिकार्प योहानाचा शिष्य मानला जातो. प्रेषितांकडून जे हातोहात आलं ते उघड आहे, गुप्त ज्ञान म्हणून कोणी वेगळं काही विकत असेल तर ते प्रेषितांचं नव्हे, हा त्याचा धागा.

आता एरियस. ३१८च्या सुमारास अलेक्झांड्रियात हा धर्मगुरू शिकवू लागला की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, सर्व निर्मितीत श्रेष्ठ आहे, जग त्याच्याद्वारे झालं, पण तो स्वतःही निर्माण केलेला आहे. ‘तो नव्हता अशी एक वेळ होती’ हे त्याचं गाजलेलं वाक्य. एरियस उथळ माणूस नव्हता. देव एकच आहे, हे जपायची त्याची तळमळ खरी होती. शिवाय त्याला लोकांपर्यंत पोचायचं कसब होतं: खलाशी, जात्यावर दळणारे, वाटसरू यांनी गुणगुणावीत अशी गाणी त्याने रचली, असं जुना इतिहास सांगतो. ओवी आणि अभंगावर वाढलेल्या आपल्याला गाण्याची ताकद वेगळी सांगायला नको.

सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद बोलावली. परंपरेने आकडा ३१८ सांगतात. छळाचा काळ संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. जमलेल्यांत काहींच्या अंगावर त्या छळाच्या खुणा होत्या. आधी शास्त्रातलेच शब्द वापरून उत्तर द्यायचा प्रयत्न झाला. ‘पुत्र देवापासून आहे’ असं म्हटलं की एरियसच्या बाजूचे एकमेकांना डोळ्यांनी खुणा करत, कारण सगळं काही देवापासूनच आहे, असा अर्थ त्यांना काढता येत होता. अथनेशियस तेव्हा तरुण डीकन, म्हणजे बिशपचा मदतनीस सेवक, म्हणून बिशपांसोबत होता. ही आठवण त्यानेच लिहून ठेवली आहे. शेवटी बायबलमध्ये नसलेला एक ग्रीक शब्द घ्यावा लागला: होमोऊसिऑस, पित्याशी एकतत्त्व. पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नाही. हा फरक आपल्या घरातही कळतो. सुतार खुर्ची घडवतो, ती लाकडाची असते. त्याच्या पोटी मूल होतं, ते माणूसच असतं.

शेवटपर्यंत सही न करणारे बिशप दोन निघाले, लिबियाकडचे थिओनास आणि सेकुंडस. त्यांना एरियससोबत हद्दपार केलं गेलं. सम्राटाच्या हाताने शिक्षा देण्याची ही सवय चर्चला लागली ती वाईट होती, आणि थोड्याच वर्षांत तीच शिक्षा अथनेशियसवर उलटली.

मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत ‘नायसियात मतदान करून येशूला देव बनवलं’ असं हमखास येतं. ते खरं नाही. इ.स. ११२च्या सुमारास, म्हणजे दोनशे वर्षं आधी, रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्रेजनला कळवलं होतं की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याचं स्तोत्र गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, त्यांचा मित्र नव्हता, काहींना तर त्याने मरणाची शिक्षा दिली होती. उपासना आधीपासून होती. परिषदेने तिला शब्द दिले.

नायसियानंतर वाद मिटला असंही नाही, उलट भडकला. अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला, एकूण सुमारे सतरा वर्षं. ३६०च्या सुमारास तर सगळं जग कण्हलं आणि आपण एरियसपंथी झालो आहोत हे पाहून चकित झालं, असं जेरोमने लिहिलं. न्यिसाच्या ग्रेगरीने राजधानी कॉन्स्टँटिनोपलमधल्या बाजाराचं चित्र लिहून ठेवलंय: सुट्टे पैसे मागावेत, तर दुकानदार जन्मलेला आणि अजन्मा यावर बोलतो; पावाचा भाव विचारावा, तर ‘पिता मोठा, पुत्र कमी’ असं उत्तर येतं; न्हाणीघर तयार आहे का म्हणावं, तर ‘पुत्र शून्यातून झाला’ असं ऐकायला मिळतं. निवडणुकीच्या दिवसांत रविवार कारंजावर चहा पिणाऱ्याला हे दृश्य परकं वाटणार नाही. ग्रेगरी, त्याचा भाऊ बेसिल आणि मित्र नझियांझसचा ग्रेगरी यांनी पुढची मांडणी केली. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत नायसियाचा विश्वास कायम झाला, आणि आपण रविवारी उभं राहून म्हणतो तो मतांगिकार, म्हणजे विश्वासाची कबुली, त्या परिषदेच्या नावे आला आहे.

त्यानंतरचा वाद मला नाशिकरोडला उभं राहिलं की आठवतो. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला लोकांची रीघ लागते. मेणबत्त्या, फुलं, कडेवर मुलं घेतलेल्या आया. सगळे ख्रिस्ती नसतात, बरेचसे शेजारपाजारचे, नवस बोललेले असतात. ४२८ साली कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य बिशप झालेला नेस्तोरियस म्हणाला होता, दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही. मरीयेला ‘देवाची माता’ म्हणायलाही त्याचा विरोध होता. त्याची भीती समजण्यासारखी आहे. देवपण आणि माणूसपण यांची सरमिसळ होऊ नये, असं त्याला वाटत होतं. पण त्याच्या बोलण्यातून जणू दोन ख्रिस्त उभे राहत होते, एक देव आणि एक माणूस, शेजारी शेजारी. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने उत्तर दिलं, ४३१ साली इफिसच्या परिषदेने नेस्तोरियसला पदावरून दूर केलं. सिरिलचं राजकारण स्वच्छ नव्हतं, आणि नेस्तोरियसवर काही अंशी अन्याय झाला असं आज बरेच अभ्यासक मानतात. तरी मुद्दा राहतोच. गोठ्यातलं ते बाळ एकच व्यक्ती आहे.

४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेने दोन्ही बाजूंना कुंपण घातलं: एकच ख्रिस्त, पूर्ण देव, पूर्ण मनुष्य, दोन स्वभाव, मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. चारही शब्द नकारार्थी आहेत. रहस्य उलगडल्याचा दावा त्यात नाही, कुठे घसरायचं नाही तेवढं सांगितलं आहे. मिसर (इजिप्त) आणि पूर्वेकडच्या काही मंडळ्यांनी ही मांडणी मान्य केली नाही, ती फूट आजही आहे.

आपल्या देशात हा प्रश्न नव्याने उभा राहिला तो १८२० साली. राममोहन रॉय यांनी येशूची नीतिवचनं वेगळी काढून छापली, चमत्कार आणि देवत्व बाजूला ठेवून. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा लांबलचक लेखी वाद झाला. राममोहनांशी चर्चा करता करता विल्यम ॲडम हा बाप्टिस्ट मिशनरीच त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, नाकारू लागला. पुढे १८६७मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. तिथेही येशू आदरणीय होता, पण थोर गुरू म्हणून.

मराठी माणसासाठी यातली सगळ्यात जवळची गोष्ट पंडिता रमाबाईंची आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व यांबद्दल त्यांच्या शंका सुटल्या नव्हत्या, अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगिकार त्यांना मान्य होईना. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचताना दोघींची ओढाताण जाणवते. मला स्वतःची विवेकबुद्धी आहे, असं रमाबाई ठामपणे लिहितात. त्यांना पटवायला मदत झाली ती नेहेम्या गोऱ्हे यांच्यासारख्यांची. गोऱ्हे चित्पावन ब्राह्मण, काशीत शास्त्र शिकलेले, १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले, आणि आयुष्यभर स्वतःच्या शंकांशी झगडलेले. शंका असलेल्या माणसाला शंका माहीत असलेल्या माणसाने उत्तर दिलं. पुढे केडगावला ज्या ख्रिस्तावर रमाबाईंनी सगळा भार टाकला, तो नुसता गुरू नव्हता. आमच्याकडे शंका विचारणाऱ्या मुलाला ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणून गप्प करतात, तेव्हा मला रमाबाई आठवतात.

आता दारातला तो प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत चार्ल्स टेझ रसेल यांच्या बायबल अभ्यासातून जी चळवळ निघाली, तिने १९३१मध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव घेतलं. त्यांच्या शिकवणीत येशू देवाचा पहिला निर्मित पुत्र आहे, सर्वसमर्थ देव नाही. १९५०च्या त्यांच्या इंग्रजी भाषांतरात योहान १:१मध्ये ‘शब्द एक देव होता’ अशा अर्थाची रचना आली. कारण असं दिलं जातं की तिथे ग्रीकमध्ये ‘देव’ या शब्दाआधी उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) नाही.

हे खरंच आहे, तिथे उपपद नाही. पण मराठी माणसाला त्यात अडण्याचं कारण नाही, आपल्या भाषेतही उपपद नाही. ‘तो डॉक्टर आहे’ म्हटलं की आपण त्याचं असणं सांगतो, कुठलातरी एक डॉक्टर असं नाही. ग्रीकमधली ती रचना तशीच आहे. आणि पाच ओळी खाली, सहाव्या वचनात, बाप्तिस्मा करणारा योहान ‘देवापासून’ पाठवला होता असं आहे. तिथेही ग्रीकमध्ये उपपद नाही, तरी तिथे कोणी ‘एका देवापासून’ म्हणत नाही. या लोकांनी हिटलरच्या छावण्यांत विवेकासाठी मरण पत्करलं आहे, हे विसरून त्यांच्या तोंडावर दार लावणं मला पटत नाही. पाणी द्यावं, बसवावं, वचन उघडून बोलावं.

मला नाशिकमध्ये जास्त वेळा भेटणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. नाताळच्या करंज्या घेऊन गेलो की पंचवटीतल्या काकू प्रेमाने म्हणतात, "येशूही एक अवतारच हो." नारायण वामन टिळकांनी, ज्यांची सासुरवाडी इथलीच, जलालपूरची, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हटलं आणि भक्तीची मराठी ख्रिस्ताला वाहिली. म्हणून मी काकूंना तोडून बोलत नाही. सीतेसाठी रामाने केलेला शोक पंचवटीत कोणाला शिकवावा लागत नाही, तेव्हा अवतार म्हणजे नुसतं सोंग, असं आपण फाडकन म्हणूही नये. मी एवढंच सांगतो की आम्ही ‘देहधारण’ म्हणतो. ते एकदाच झालं, आणि पुनरुत्थानानंतरही त्याने तो देह टाकला नाही.

गेल्या नाताळात काकूंनी विचारलं, "म्हणजे तुमचा देव दमायचासुद्धा?"

मी योहानाचा चौथा अध्याय सांगितला. दुपारची वेळ, चालून चालून थकलेला येशू विहिरीच्या कडेला बसला आहे, आणि घडा घेऊन आलेल्या शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो आहे.

काकूंच्या हातातली करंजी तशीच राहिली. "मग दिलं का तिने पाणी?"

योहानाने ते लिहिलेलं नाही.