थायलंडमध्ये विनामोबदला इंग्रजी शिकवायचंय? मग व्हिसा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ हवा

‘आम्ही पगार कुठे घेणार आहोत? मग वर्क परमिट कशाला?’ थायलंडमध्ये स्वयंसेवक म्हणून शिकवायला निघालेली मुलं-मुली हा प्रश्न हमखास विचारतात, आणि याच समजुतीपायी फसतात. थाई कायद्यात पगार मिळतो की नाही यावर काम ठरत नाही. वर्गात उभं राहून मुलांना इंग्रजी शिकवलं की ते काम झालं, आणि परदेशी माणसाला कामासाठी परवाना लागतो. तो नसताना सापडलात तर 5,000 ते 50,000 बात (थायलंडचं चलन) दंड होतो आणि देशाबाहेर पाठवणी होते. ठेवून घेणाऱ्या संस्थेला वेगळा दंड बसतो.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे भारतीयांना थायलंडमध्ये फिरायला जाणं आता फार सोपं झालंय. त्यामुळे ‘तसेच या, इथे आल्यावर बघू’ असं सांगणाऱ्या संस्थाही भेटतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला एका संस्थेने अगदी हेच सांगितलं होतं. तिने लेखी पत्र मागितलं, ते काही आलं नाही, आणि तिने तिथेच थांबायचं ठरवलं. बरोबरच केलं. संस्था पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिकीट काढू नका.

रीतसर मार्ग असा. मोबदला न घेता फाउंडेशन किंवा सेवाभावी संस्थेत शिकवायचं असेल तर ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा घ्यायचा. शाळेत पगारी शिक्षक म्हणून जायचं असेल तर ‘नॉन-इमिग्रंट बी’. त्यात पुढे थाई शिक्षक परिषदेच्या परवान्याचा किंवा त्यातून सूट मिळवण्याचा विषय येतो. तो रस्ता वेगळा, म्हणून इथे फक्त ‘ओ’बद्दल लिहितोय.

1 जानेवारी 2025 पासून अर्ज थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरच भरायचा असतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांनी तिथे मुंबईचा थाई वाणिज्य दूतावास निवडायचा. ‘ओ’ व्हिसाचं एकदा प्रवेशाचं शुल्क 2,000 बातच्या आसपास, रुपयांत भरायचं असतं, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही.

अर्जाचा खरा कणा म्हणजे थाई संस्थेचं पत्र. ते संस्थेच्या लेटरहेडवर हवं. तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, काम काय, कुठे आणि किती महिने, हे सगळं त्यात यायला हवं. सोबत संस्थेच्या नोंदणीचा दाखला आणि सही करणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. बाकी पासपोर्ट (निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला), फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं ही नेहमीचीच.

आपल्याकडची मुलं अडकतात ती नावात, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या बऱ्याच पदवी प्रमाणपत्रांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचंही नाव असतं. पासपोर्टवर मात्र स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात. थाई संस्थेतला माणूस पदवीवरून नाव उतरवून घेतो, पत्र वेगळ्याच क्रमाने येतं आणि कधी आईचं नाव आडनाव बनून जातं. त्यामुळे संस्थेला पदवी पाठवण्याआधी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत पाठवा आणि ‘पत्रात नाव असंच, याच क्रमाने लिहा’ असं स्पष्ट कळवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडायला विसरू नका.

पासपोर्टचं मागचं पानही उघडून बघा. तिथे ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते) असा शेरा असेल तर कामासाठी जाताना अडचण येते, कारण तो शेरा लागू असलेल्या 18 देशांत थायलंड आहे. दहावी झालेल्याला हा शेरा लागत नाही. दहावीचं प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट नव्याने काढला की शेरा जातो, पण त्याला वेळ लागतो.

मुलांना शिकवणार म्हणून संस्था पोलिसांचा चारित्र्य दाखला मागते, आणि मागायलाच हवा. तो पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून निघतो, शुल्क 500 रुपये. अर्जात देश थायलंड लिहा. पर्यटनासाठी हा दाखला मिळत नाही, त्यामुळे संस्थेचं पत्र हातात आल्यावरच अर्ज केलेला बरा.

थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, भरायचं. ते मोफत आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊ नका.

उतरल्यावर 90 दिवसांचा शिक्का मिळतो. पण लगेच वर्गात जायचं नाही. आधी संस्थेने रोजगार विभागात तुमच्या वर्क परमिटचा अर्ज करायचा. त्यासाठी तिथल्या डॉक्टरचा दाखला लागतो. परवान्याचं शुल्क तीन महिन्यांपर्यंत 750, सहा महिन्यांपर्यंत 1,500 आणि वर्षासाठी 3,000 बात. हे पैसे कोण भरणार ते जाण्याआधीच विचारून घ्या. पुढे संस्था बदलली तर परवान्याचंही नव्याने बघावं लागतं.

90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर मुदत संपायच्या आत इमिग्रेशन कार्यालयात 1,900 बात भरून वाढ मागायची. मुदतीनंतर राहिलेल्या प्रत्येक दिवसाला 500 बात, जास्तीत जास्त 20,000 बात दंड आहे. सलग राहत असाल तर दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवणं हे वेगळंच काम, ते मुदतवाढीत धरू नका.

तिथल्या शाळांचं पहिलं सत्र मे महिन्याच्या मध्याला सुरू होतं, म्हणून संस्थेशी पत्रव्यवहार जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा. ऑक्टोबरात सुट्टी लागते आणि दिवाळीला घरी यावंसं वाटतं. जरूर या, पण निघण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात किंवा बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरच्या काउंटरवर पुनःप्रवेशाचा परवाना घ्या. एका फेरीला 1,000 बात. तो न घेता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर राहण्याची मुदत तिथेच रद्द होते, आणि फराळाचा डबा घेऊन परत जाताना सगळा अर्ज पहिल्यापासून करावा लागतो.