लांबच्या प्रवासाला गाडीचे कोणते सुटे भाग सोबत घ्यावेत आणि ते कसे बांधावेत

स्वतःची चारचाकी घेऊन काही हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. तुम्ही मेकॅनिक नसलात तरी चालेल. पाना हातात धरायची तयारी असली की यातले बहुतेक काम जमते.

यादी करायला बसले की ‘काय काय बिघडू शकते’ हाच प्रश्न आधी मनात येतो, आणि मग यादी संपतच नाही. त्याऐवजी प्रत्येक भागाबद्दल तीन गोष्टी विचारा. हा भाग गेला तर गाडी जागेवर थांबेल का? रस्त्याच्या कडेला, डिकीतल्या हत्यारांनी तो बसवता येईल का? आणि वाटेतल्या कुठल्याही दुकानात तो मिळेल का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर आले, तर तो भाग सोबत हवाच. फॅन बेल्ट (बॅटरी चार्ज करणारे यंत्र वगैरे फिरवणारा इंजिनावरचा पट्टा) या कसोटीला पूर्ण उतरतो. क्लच प्लेट उतरत नाही, कारण तिच्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. अशा भागांची तपासणी घरीच करून घ्यायची, ते डिकीत भरायचे नाहीत.

टायमिंग बेल्टचेही (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा) तसेच. तो ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा बदलायचा असतो. गाडी कमी चालली म्हणून वर्षांकडे दुर्लक्ष होते आणि रबर मात्र वयाने कडक होत जाते. अनेक इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि पूर्ण हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडावे लागते. मुदत प्रवासात संपणार असेल तर निघण्याआधीच बदला, सोबत टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारा भाग) नवा टाका. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही त्याच वेळी बदला, म्हणजे तीच खोलाखोल दुसऱ्यांदा करावी लागत नाही.

नवा भाग गाडीत, जुना पेटीत

आमचा सगळ्यात जास्त आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. नवा बेल्ट, नवे होज पाइप आणले की ते निघण्याच्या तीन आठवडे आधी गाडीवर चढवा. उतरवलेले जुने भाग तडकलेले, फुगलेले नसतील तर तेच स्पेअर म्हणून ठेवा. यात तीन फायदे आहेत. चुकीचा भाग आला असेल तर ते घरी कळते, माळरानावर नाही. कोणता पाना लागतो, हात कुठे पोचत नाही, हे माहीत होते. शिवाय नव्या भागात कारखान्याचा दोष असला तर तो बहुधा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच डोके वर काढतो. पेटीतला जुना भाग या गाडीवर चाललेला आहे, एवढी खात्री तर असतेच.

फिल्टरला हा नियम लावू नका. जुना फिल्टर म्हणजे भरलेला फिल्टर; तो स्पेअर होत नाही.

गाडी गरम होऊ नये म्हणून

वाटेत इंजिनाचे कायमचे नुकसान होते ते बहुतेक वेळा कूलिंगमधल्या छोट्या गळतीमुळे. भाग स्वस्त असतो, पण तशीच गाडी रेटली की हेड वाकते. म्हणून पेटीतली पहिली जागा याच सामानाला द्या.

फॅन बेल्टवर आकडे छापलेले असतात. ‘६पीके१७५०’ याचा अर्थ सहा धारांचा, १७५० मिलिमीटर लांबीचा. लांबीत थोडासा फरक पडला तरी टेन्शनर नीट बसत नाही, बेल्ट घसरतो किंवा बेअरिंगवर ताण येतो. बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा फिरतो याचा फोटो आत्ताच काढून ठेवा. तुटलेल्या बेल्टवरून मार्ग ओळखता येत नाही. बेल्ट तुटल्यावर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर काही मिनिटांत तापमानाचा काटा चढतो. अशा वेळी लगेच थांबा. पंप दुसऱ्या बेल्टवर असेल आणि पॉवर स्टिअरिंगही या बेल्टवर नसेल, तर दिवसा एसी, पंखा, दिवे बंद ठेवून बॅटरीवर जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते.

रेडिएटरचे वरचे आणि खालचे असे दोन्ही होज पाइप घ्या. हे पाइप मुळातच वळणाचे घडवलेले असतात. मापाचा सरळ पाइप वाकवून बसवला की वळणावर दुमडतो आणि पाणी अडते. प्रत्येक पाइपमागे दोन स्क्रूच्या क्लिपा आणि वर दोन जादा ठेवा. कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा काढायला मोठी पक्कड लागते आणि अडचणीच्या जागी त्या हातातून उडतात. स्क्रूची क्लिप साध्या स्क्रू ड्रायव्हरने बसते.

तात्पुरत्या दुरुस्तीसाठी स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप उत्तम. २५ मिलिमीटर रुंदीचा, ३ मीटरचा एक रोल पुरतो. ती वापरताना दोन चुका नेहमी होतात: पाइप ओला किंवा तेलकट राहतो, आणि टेप न ताणता गुंडाळली जाते. इंजिन थंड होऊ द्या, पाइप पुसून कोरडा करा, फाटलेल्या जागेच्या ५ सेंटिमीटर अलीकडून सुरुवात करा, टेप दुप्पट लांब होईल इतकी ताणा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा येऊ द्या. ब्रेकच्या आणि इंधनाच्या पाइपला ही टेप लावू नका. तिथे दुरुस्ती नसते, पाइप बदलावाच लागतो.

कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तयार मिश्रणाचे २ लिटर घ्या आणि तेवढेच डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रणात बहुधा आधीच कुलंट निम्मे, पाणी निम्मे असते आणि हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालते. ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. रंगावरून कुलंट निवडू नका. रंग हा कंपनीचा मामला आहे, आतली रसायने वेगळी असू शकतात आणि दोन प्रकार एकत्र आले की कधी कधी त्यांचा चिकट गाळ होतो. मॅन्युअलमधला प्रकारच घ्या. अगदीच अडले तर साधे स्वच्छ पाणी घाला, पण परतल्यावर पूर्ण कुलंट बदला.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे सर्वांना माहीत असते. त्याचे कारणही माहीत असू द्या. झाकण आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांवर न उकळता १२० च्या आसपास उकळते. झाकण फिरवले की दाब क्षणात जातो आणि तेच पाणी उकळून अंगावर येते. किमान अर्धा तास थांबा, जाड फडके धरा आणि झाकण हळूहळू फिरवा. आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. पाणी पूर्ण निघून गेले तर तापमानाचा सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खाली दिसू शकतो. हीटरमधून अचानक थंड हवा येऊ लागली, तर काट्यावर विश्वास न ठेवता गाडी थांबवा.

चाके

स्टेपनी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तिच्यातली हवा मोजा आणि तिचे वयही पाहा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. न वापरलेला टायरही म्हातारा होतो. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. लांबच्या प्रवासाला जमल्यास पूर्ण मापाची स्टेपनी घ्या.

गाडीसोबत आलेला आखूड पाना कारखान्याच्या मशीनने आवळलेला नट सोडवताना कमी पडतो. १७, १९ आणि २१ मिलिमीटरच्या तोंडांचा लांब दांड्याचा पाना घ्या आणि घरीच एक चाक काढून पाहा. चाके चोरीला जाऊ नयेत म्हणून काही गाड्यांत प्रत्येक चाकाला एक नट वेगळ्या खाचांचा असतो. त्याची चावी नसली तर स्टेपनी, जॅक, पाना सगळे असून चाक निघत नाही. ती कुठे आहे ते आज शोधा आणि पान्यासोबत बांधून ठेवा.

मऊ मातीत जॅक रुततो. त्याच्याखाली ठेवायला २ सेंटिमीटर जाडीची, वीतभर लांब-रुंद फळी आणि चाकाला लावायला दोन ठोकळे घ्या. चाक बदलल्यावर नट समोरासमोरचे आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा.

ट्यूबलेस टायरसाठी पंक्चर किट हवे: सुई, कानस, दहा दोऱ्या, रबर सोल्युशन. ते फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या, ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला चालते. टायरच्या कडेचे रबर चालताना सतत वाकत असते. तिथे घातलेली दोरी निसटते आणि टायर वेगात फुटू शकतो. चार व्हॉल्व्ह पिना आणि त्या काढायची छोटी चावी खिशात मावते, तीही घ्या. हवा भरायचा छोटा कंप्रेसर घेण्याआधी तो किती अँपिअर ओढतो ते पाहा. बऱ्याच गाड्यांत लायटरच्या सॉकेटला १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो आणि मोठा कंप्रेसर तो उडवतो. बॅटरीला थेट चिमटे लावायची सोय असलेला कंप्रेसर बरा.

वीज

फ्यूजचे रंग जगभर ठरलेले आहेत: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. आकार मात्र तीन-चार प्रकारचे असतात, म्हणून तुमच्या फ्यूज बॉक्समधला एक काढून मापाला लावून घ्या. प्रत्येक रंगाचे तीन पुरे. नवा फ्यूज घातल्याबरोबर उडाला तर बहुधा वायर कुठेतरी घासली आहे. तिथे मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी वायर जळते.

फ्युएल पंपाचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) गेला की इंजिन फिरते पण सुरू होत नाही. एक जादा रिले ठेवा. तो नसेल तर हॉर्नचा रिले तपासा. दोन्हींवर एकच नंबर असेल तर अदलाबदल करता येते.

हेडलाइटचे बल्ब जोडीने घ्या आणि बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग धरतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बोट लागलेच तर स्पिरिटने पुसा. एलईडी दिवे असतील तर बल्ब घेण्याचा प्रश्न येत नाही.

जंपर केबल तांब्याची आणि जाड हवी. प्लॅस्टिकचे वेष्टन जाड आणि आत तार बारीक अशा केबल दिसायला दणकट असतात, पण स्टार्टर फिरवत नाहीत. १६ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक तार घेऊ नका. शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, कारण बॅटरीजवळ ज्वालाग्राही वायू असू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. एक साधा मल्टिमीटरही हवा. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना अनेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसते. काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतः कमी-जास्त करतात, पण आकडा बारावरच अडकून राहिला तर दोष अल्टरनेटरमध्ये (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रात) किंवा त्याच्या जोडण्यांत शोधा. नवी बॅटरी घेऊन तो जाणार नाही.

ऑइल आणि फिल्टर

इंजिन ऑइल त्याच ग्रेडचे १ लिटर. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण तेवढेच मावते. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ते ऑइल घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. ब्रेक ऑइलची न उघडलेली छोटी बाटली घ्या. ते हवेतली ओल ओढते, त्यामुळे मागच्या वर्षीची अर्धी बाटली कामाची नाही. डिझेल गाडीला फ्युएल फिल्टर रबरी रिंगसकट घ्या, कारण अनोळखी पंपावरच्या एका टाकीतल्या पाण्याने फिल्टर भरू शकतो. फिल्टर बदलताना इंधनाच्या पाइपमध्ये शिरलेली हवा तुमच्या गाडीत कशी काढायची ते आधी शिकून घ्या.

डिकी भरताना

रात्री, पावसात, सगळे सामान भरलेले असताना स्टेपनी काढायची आहे, असे समजून भरा. जॅक, पाना, धोक्याचा त्रिकोण, चमकणारे जाकीट आणि डोक्याला बांधायची बॅटरी दार उघडताच हाताला लागली पाहिजेत. जड पेटी खाली, मागच्या सीटला टेकवून, पट्ट्याने बांधा. जोरात ब्रेक लागला की सुटी पेटी पुढे येते. ऑइलच्या बाटल्या बादलीत उभ्या ठेवा. रबरी भाग ऑइलपासून लांब, बेल्ट मोठ्या वेढ्यात, न दुमडता. बल्ब कडक डब्यात, फिल्टर बंद पिशवीत. बारीकसारीक म्हणून बाइंडिंग तार, प्लॅस्टिकच्या केबल टाय, इन्सुलेशन टेप, ८ ते १९ मिलिमीटरचे पाने, पक्कड, हातमोजे. भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा दाब वेगळा असतो. तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो.

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. त्यावर चॅसिस नंबर, इंजिन नंबर, ऑइलचा ग्रेड, कुलंटचा प्रकार, चाकाचे नट किती न्यूटन मीटरला आवळायचे तो आकडा, आणि सोबत घेतलेल्या प्रत्येक भागाचा पार्ट नंबर लिहा. वाटेत भाग लागला आणि तुम्ही आम्हाला किंवा तिथल्या दुकानाला फोन केला, तर चॅसिस नंबर आणि पार्ट नंबर एवढ्यावर नेमका भाग शोधता येतो. एकाच मॉडेलच्या एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना वेगळे बेल्ट असू शकतात, म्हणून गाडीचे नाव आणि वर्ष सांगून भाग मागवू नका.