नाशिकमध्ये घर भाड्याने देताय? करार, पोलिसांकडची नोंद आणि मालकाची जबाबदारी

"अकरा महिन्यांचाच करार, रजिस्टर कशाला?" सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत हे सर्रास ऐकू येतं, पण महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारीही मालकावर टाकली आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका वाद झाल्यावर बसतो: अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं ठरवणं मालकाच्या गळ्यात. नुसतं नोटरी करून भागत नाही ते यामुळेच.

करार घराच्या मालकाने करायचा. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या घ्या. मालक परगावी असल्यास कुलमुखत्यारपत्र असलेली व्यक्ती करू शकते. दोन्ही बाजूंचं आधार आणि पॅन, घराचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा घरपट्टीची पावती, लाइट बिल आणि आधार असलेले दोन साक्षीदार एवढं जमवा. नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवर अंगठ्याचा ठसा आणि वेबकॅमवर फोटो देऊन घरबसल्या काम होतं. एजंट घरी मशीन घेऊन येतात. त्यांची फी आधीच ठरवून घ्या.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा कॉलेज रोडचा फ्लॅट २४ महिन्यांसाठी, भाडं १९,००० आणि डिपॉझिट १,२०,००० आहे. भाड्याचे झाले ४,५६,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून दोन वर्षांचे २४,०००. एकूण ४,८०,००० वर शुल्क १,२०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. डिपॉझिट रोखीत घेतलं तरी करारात पूर्ण आकडा लिहा, भांडणं तिथेच होतात.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या: अंबड, सातपूर, इंदिरानगर, ज्या ठाण्याच्या हद्दीत घर असेल तिथे, किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असताना माहिती दडवली तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. एमआयडीसीतल्या कामगारांना कॉट बेसिसवर खोल्या देणाऱ्यांनी प्रत्येकाची नोंद करावी, फक्त 'मुख्य' माणसाची नाही. सोसायटीला कराराची प्रत द्या. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून घेते ते ना-वापर शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही.

आता करारात सहसा न येणारी गोष्ट. नाशिकची थंडी आणि बाथरूममधला गॅस गिझर ही जोडी जीवघेणी आहे. डिसेंबरात गार वारा नको म्हणून भाडेकरू झरोक्याला पुठ्ठा लावतो, दार बंद, गिझर सुरू, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. चावी देण्याआधी तो गिझर हवेशीर बाल्कनीत हलवा किंवा इलेक्ट्रिक बसवा. अर्थिंग तपासून घ्या, मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, गॅसची नळी पाच वर्षांची झाली असेल तर बदला. सगळ्याचे फोटो काढून करारासोबत ठेवा. घर सोडताना डिपॉझिटचा हिशेब सोपा जातो.

जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांचं प्रकरण वेगळं. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि पावसाळ्यापूर्वी येणारी नोटीस भाडेकरूकडे ढकलून चालत नाही. घर राहण्याजोगं ठेवणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मालकाचं काम. वेगळं काही ठरलं नसेल, तर पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतरही मालक हलला नाही की भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. त्याला घालवायचं म्हणून नळ किंवा वीज तोडणं हा मात्र याच कायद्याच्या कलम २९ खालचा गुन्हा आहे.