‘जरा चालून दाखवा’ : मोबाइलवर गुडघ्याची चाल मोजण्यामागची दीडशे वर्षं

गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर एक्स-रे बघतात, वाटी दाबून बघतात आणि म्हणतात, ‘जरा चालून दाखवा.’ आजी पदर सावरत दारापासून खिडकीपर्यंत जातात, प्रत्येक पावलाला दुखऱ्या बाजूला झुकतात, वळतात, परत येतात. अनुभवी डोळ्याला त्या आठ-दहा पावलांत पुष्कळ दिसतं. कागदावर मात्र ‘लंगडत चालतात’ एवढंच उतरतं. झीज किती हे ठरवायला आजही प्रामुख्याने केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली दिलेली एक्स-रेची श्रेणी वापरतात. ती हाडांचं चित्र सांगते. चालताना गुडघ्यावर काय येतं, ते तिच्यात नाही.

मोबाइलचा कॅमेरा ही उणीव भरून काढेल, असं आता म्हटलं जातं. पण कॅमेऱ्याने चाल टिपणं जवळजवळ दीडशे वर्षं जुनं आहे. घोडं अडलं होतं ते त्यानंतरच्या मोजणीच्या कामात.

१८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, लेलँड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांच्या फार्मवर, एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे लावले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे फोटोंनी दाखवलं. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी माणसांच्या चाली टिपल्या. मज्जातंतूंचे डॉक्टर फ्रान्सिस डर्कम यांनी त्यात आपले रुग्णही आणले. आजारी माणसाची चाल कॅमेऱ्यासमोर आली ती तेव्हा. त्याच सुमारास पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी माणसाला नखशिखांत काळे कपडे घातले आणि हातापायांवर चकाकत्या पट्ट्या लावल्या. माणूस दिसेनासा झाला. कागदावर उरल्या त्या पायांच्या रेघा, एकापुढे एक.

या सगळ्या इतिहासात माझं मन अडकतं ते जर्मनीतल्या लाइपझिगला. १८९१ साली शरीररचनेचे अभ्यासक व्हिल्हेल्म ब्राउन आणि गणितज्ञ ऑटो फिशर यांनी एका तरुणाच्या अंगावर वायूने भरलेल्या, विजेवर लुकलुकणाऱ्या बारीक काचेच्या नळ्या बांधल्या. नुसती ती तयारी करायलाच सहा ते आठ तास लागत. मग रात्रीच्या अंधारात तो काही पावलं चालला आणि चार कॅमेऱ्यांनी त्या नळ्यांचा प्रकाश टिपला. टिपणं एका रात्रीत आटोपलं. नंतर एकेका ठिपक्याची जागा मोजून त्यावरून गती आणि बळ काढायचं काम सुरू झालं. ब्राउन १८९२ मध्ये गेले. फिशर एकटेच गणितं करत राहिले आणि त्यांचा ग्रंथ १८९५ ते १९०४ असा भागाभागाने निघाला. मोजक्या पावलांसाठी एका माणसाची इतकी वर्षं! चालणं दवाखान्यापर्यंत का पोचलं नाही, याचं उत्तर मला यात दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाय गमावलेल्या सैनिकांसाठी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला डॉक्टर व्हर्न इनमन आणि इंजिनिअर हॉवर्ड एबरहार्ट यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. एबरहार्ट यांचा स्वतःचाही एक पाय गेलेला होता. पुढे संगणक आले, कातडीवर चिकटवायचे चमकते गोळे आले, फरशीत बसवलेल्या बळ मोजणाऱ्या पाट्या आल्या. वर्षांचं काम तासांवर आलं. तरीही त्यासाठी खास प्रयोगशाळा लागे, आणि ती रुग्णाच्या गल्लीत नसे.

गुडघ्याच्या बाबतीत या प्रयोगशाळांनी एक गोष्ट पक्की केली. पाऊल टेकलं की जमिनीकडून वर येणाऱ्या बळाची रेषा सहसा गुडघ्याच्या आतल्या बाजूने जाते. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर ती आणखी आत सरकते आणि आतल्या बाजूची गादी जास्त चेपली जाते. हा ताण ज्यांचा जास्त, त्यांची झीज पुढे वेगाने वाढते, असं जपानी संशोधकांनी रुग्णांवर सहा वर्षं लक्ष ठेवून २००२ साली मांडलं. आजी दुखऱ्या बाजूला झुकतात त्याचाही अर्थ इथे लागतो. धड तिकडे गेलं की बळाची ती रेषा गुडघ्याच्या जवळ येते आणि आतला ताण उतरतो. कुणी न शिकवता शरीराने शोधलेली ही वाट आहे.

गोळ्यांशिवायच्या साध्या फोटोत गुडघा कुठे आणि घोटा कुठे हे दाखवणारे हात मात्र अजून माणसाचेच होते. ते काम एकदाच, पण प्रचंड प्रमाणावर झालं. ‘कोको’ नावाच्या चित्रसंग्रहात इंटरनेटवरच्या साध्या फोटोंतल्या सुमारे अडीच लाख माणसांचे खांदे, गुडघे, घोटे लोकांनी खुणा करून दाखवले. त्यावर शिकलेली ‘ओपनपोज’सारखी संगणक-प्रणाली २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातून आली आणि गोळे न चिकटवताही सांधे सापडू लागले.

मग स्टॅनफर्ड विद्यापीठाने, म्हणजे त्याच घोड्यांच्या फार्मच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाने, ‘ओपनकॅप’ हे मोबाइलच्या व्हिडिओवरून हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर तयार केलं. स्टँडवर दोन आयफोन, बुद्धिबळाच्या पटासारखा एक छापील कागद, आणि चालायला थोडी मोकळी जागा. २०२३ च्या त्यांच्या निबंधानुसार शंभर जणांची मोजणी एका व्यक्तीने दहा तासांत केली, प्रयोगशाळेच्या एक टक्क्याहून कमी खर्चात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत चारशेहून अधिक लोकांनी घरीच खुर्चीतून पाच वेळा उठता-बसतानाचे व्हिडिओ काढून पाठवले. उठताना धड किती झुकतं याचा झिजेच्या निदानाशी संबंध त्यातून दिसला.

फिशर यांची ती वर्षं आठवली की मला हे वाचताना भरून येतं. पण घाई नको. ओपनकॅपच्या सांध्यांच्या कोनांत सरासरी साडेचार अंशांच्या आसपास चूक राहते. २०२५ मध्ये ६८ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात गुडघ्यावरचा ताण उतरावा म्हणून पावलाचा पंजा प्रत्येकाला मानवेल तसा पाच किंवा दहा अंश आत अथवा बाहेर वळवायला शिकवलं, आणि वर्षभराने वेदना औषधाच्या तोडीने कमी झाल्या. जिथे पाच अंशांनी फरक पडतो, तिथे साडेचारची चूक मोठीच.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. कॅमेऱ्याला गुडघा दिसावा लागतो, म्हणून अंगाला बसणारे, आखूड कपडे घालायला सांगतात. आजींचा गुडघा साडीच्या निऱ्यांमागे आहे.