ऑल्बनीचं पाइन बुश : किती जाळायचं?

न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. तिला लागून हिमयुगातल्या सरोवराने मागे सोडलेल्या वाळूवर पाइन बुश पसरलं आहे. पिच पाइन, त्याखाली खुरटा ओक आणि मधूनमधून उघडं माळरान. हे रान पूर्वापार पेटत आलं आहे. मूळ रहिवासी ते पेटवत, पुढे आगगाडीच्या ठिणग्यांनीही पेटे. पिच पाइनची साल जाड असते आणि होरपळलेल्या खोडालाही पुन्हा पालवी फुटते. विसाव्या शतकात मात्र दिसली आग की विझव, असं धोरण आलं आणि झाडोरा दाटत गेला.

या दाटीत जंगली ल्युपिन हे फुलझाड मागे पडलं. कार्नर ब्लूची अळी ल्युपिनखेरीज काही खात नाही. जेमतेम इंचभर पंखविस्ताराच्या या निळ्या फुलपाखराचं शास्त्रीय वर्णन १९४०च्या दशकात झालं. ते करणारा गृहस्थ पुढे कादंबरीकार म्हणून जगभर गाजला. पण खरा घाव दाटीपेक्षा बांधकामांचा. महामार्ग, विद्यापीठ, कचराभूमी आणि १९८४ मध्ये अधिवासाला खेटून उघडलेला मॉल. १९८८ मध्ये राज्याच्या कायद्याने उरल्यासुरल्या रानाला संरक्षण मिळालं. १९९२ मध्ये फुलपाखरू संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत गेलं. त्याच सुमारास ठरवून जाळायला सुरुवात झाली.

आणि वाद पेटला. जाळलं की ल्युपिन जोमाने फुटतं, हे सगळ्यांनाच मान्य होतं. अडचण अशी, की कार्नर ब्लूला बिनधोक असा ऋतूच नाही. वर्षाला दोन पिढ्या होतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात घातलेली अंडी जमिनीलगत, बर्फाखाली हिवाळा काढतात. वसंतात अळ्या निघतात, पानाचा गर खरवडून खातात आणि मागे काचेसारखा पारदर्शक पापुद्रा ठेवतात. अळीच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिच्याभोवती घोटाळतात. जाळ कधीही लावा, अंडी, अळी, कोष किंवा फुलपाखरू यांपैकी काहीतरी होरपळणारच. म्हणून फुलपाखरांचे अभ्यासक म्हणत, जाळू नका, गवत कापा. वनव्यवस्थापक म्हणत, नुसत्या कापणीने ओक हटत नाही आणि कुजका पाचोळाही तसाच राहतो.

दोघांचंही म्हणणं खरं होतं. फरक रानाच्या आकाराने पडला होता. पूर्वी एक पट्टा जळाला तरी शेजारच्या पट्ट्यातून फुलपाखरं परत येत. आता शेजारी वाहनतळ. शेवटी ठरलं ते असं, की फुलपाखरांची वस्ती असलेला तुकडा एका वेळी सगळा जाळायचा नाही, जाळरेषा आखून थोडा थोडा जाळायचा, मधली वर्षं मोकळी सोडायची आणि जोडीला कापणीही करायची. कागदावर सोपं. प्रत्यक्षात धूर महामार्गावर जाऊ नये म्हणून वारा आणि आर्द्रता जमेल त्याच दिवशी काडी ओढता येते, आणि असे दिवस थोडेच मिळतात.

२००३च्या पुनरुज्जीवन योजनेतलं ३,००० फुलपाखरांचं उद्दिष्ट ऑल्बनीने पुढे ओलांडलं. श्रेय सहसा जाळाला दिलं जातं. पण माणसांनी पेरलेलं ल्युपिन आणि बंदिस्त जागी वाढवून सोडलेली फुलपाखरं यांचा वाटाही मोठा आहे. आता लक्ष फ्रॉस्टेड एल्फिन या दुसऱ्या फुलपाखराकडे वळलं आहे. तेही इथे ल्युपिनवरच जगतं, पण त्याची अळी फुलं नि शेंगा खाते आणि वर्षाला पिढी एकच. उन्हाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत त्याचा कोष पाचोळ्यात नाहीतर वरच्या मातीत असतो. तेवढ्या काळात जाळ लागला, तर कोष किती खोल आहे यावरच सगळं ठरतं.