धक्क्यावर उतरल्यानंतरचा प्रश्न : कॅरोलिन चिझम यांच्या कामाची पार्श्वभूमी

न्यू साउथ वेल्स ही ऑस्ट्रेलियातील ब्रिटिशांची वसाहत १७८८ साली कैद्यांची वस्ती म्हणून सुरू झाली आणि पुढची पन्नास वर्षे तिथली शेते, कुरणे आणि रस्ते मुख्यतः शिक्षा भोगणाऱ्या मजुरांच्या कष्टावर उभे राहिले. १८३०च्या दशकात मात्र वसाहतीतील जमीन फुकट न वाटता विकावी आणि त्या पैशातून ब्रिटन व आयर्लंडमधील गरिबांना तिकडे न्यावे, हा विचार लंडनमध्ये बळावला. ज्या जमिनी विकून हा पैसा उभा राहिला त्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या होत्या आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे स्थलांतरित मुली आणि कुटुंबांसाठी कॅरोलिन चिझम यांच्या हातून जे भले काम झाले त्याचे मोल मानतानाही ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

१८३५ नंतर सुरू झालेल्या ‘बाउंटी’ योजनेत, योग्य ठरेल असा स्थलांतरित सिडनीला आणून पोहोचवला की आणणाऱ्याला माणशी ठरावीक रक्कम मिळे. १८४० साली न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे थांबले, मजुरांची मागणी वाढली आणि एकट्या १८४१ सालात वीस हजारांच्या आसपास माणसे या योजनेखाली आली. त्यांत आयरिश कॅथलिकांचा भरणा मोठा होता. वसाहतीत तेव्हा साधारण दोन पुरुषांमागे एक स्त्री होती, त्यामुळे अविवाहित मुली आणण्यावर विशेष भर होता. एकट्या मुलीने जहाजावर एखाद्या विवाहित जोडप्याच्या आश्रयाने प्रवास करावा असा नियम होता. प्रत्यक्षात हा आश्रय पुष्कळदा कागदावरच राही. योजनेतील खरी खोट याहून मोठी होती. माणूस जिवंत धक्क्यावर उतरला की आणणाऱ्याचे पैसे वसूल होत. त्यानंतर त्याने कुठे जावे, कोणाकडे काम मागावे, रात्री कुठे निजावे, याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. चार-चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून आलेल्या मुली सिडनीच्या रस्त्यांवर आणि बागांत रात्र काढू लागल्या, आणि त्यांच्यावर टपलेल्यांची त्या बंदरात वाण नव्हती.

हे दृश्य पाहून स्वस्थ न बसलेल्या कॅरोलिन चिझम यांचा जन्म १८०८ साली इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनला, प्रॉटेस्टंट घरात झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतील कॅथलिक अधिकारी आर्चिबाल्ड चिझम यांच्याशी १८३० साली त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. लग्नानंतरही आपल्याला लोकोपयोगी काम करण्याची मोकळीक असावी, अशी अट त्यांनी आधीच घातली होती. मद्रासला आल्यावर १८३४ साली त्यांनी गोऱ्या सैनिकांच्या मुलींसाठी शाळा काढली आणि लिहिण्यावाचण्याबरोबर स्वयंपाक, घरकाम व रुग्णसेवा शिकवली. मुलीच्या हाताला काम आले की तिला कोणाच्या दयेवर राहावे लागत नाही, ही त्यांची समजूत मद्रासच्या छावणीतच पक्की झाली असावी, असे मला वाटते. १८३८ साली पतीच्या आजारपणाच्या रजेत हे कुटुंब सिडनीजवळच्या विंडसरला आले. आर्चिबाल्ड १८४० साली फौजेत परतले. कॅरोलिन मुलांसह मागे राहिल्या.

१८४१च्या आरंभी त्यांनी गव्हर्नर सर जॉर्ज गिप्स यांच्याकडे मुलींच्या निवाऱ्यासाठी जागा मागितली. कोणी वयस्क, धर्मोपदेश करणारी बाई येईल अशा अपेक्षेने बसलेल्या गव्हर्नरांसमोर तिशीतली एक बाई येऊन बरोबरीच्या नात्याने मुद्दे मांडू लागली, याचे त्यांना नवल वाटले आणि ते त्यांनी नमूदही केले. कॅथलिक बाईच्या हाती स्थलांतरित मुली सोपवण्याविषयी प्रॉटेस्टंट वर्तुळात संशय होता. अखेर सरकारला एका पैचाही खर्च पडणार नाही, अशी हमी घेऊन स्थलांतरितांच्या जुन्या लाकडी बराकीचा काही भाग त्यांना देण्यात आला.

तिथल्या पहिल्या रात्रीचे वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दिवा लावून त्या कोठीत बसल्या तेव्हा छतावरून उंदीर अंगावर पडू लागले. त्यांनी पाव कापून, लोणी लावून, पाण्याच्या ताटलीसह खोलीच्या मधोमध ठेवला आणि स्वतः बिछान्यावर बसून वाचत राहिल्या. एका वेळी तेरा उंदीर त्यांनी मोजले. दुसऱ्या रात्री तशीच मेजवानी झाली, फक्त पावात सोमल हे विष होते.

निवारा मिळाला तरी सिडनीत सर्वांना पुरेल इतके काम नव्हते. काम होते ते आतल्या भागातील शेतांवर, मेंढपाळांच्या वस्त्यांवर. पहिल्या खेपेस गाडे दारात उभे राहिले तरी जंगलाच्या ऐकीव गोष्टींनी भेदरलेल्या मुली निघेनात आणि गाडे रिकामे परत पाठवावे लागले. तेव्हा चिझम स्वतः बरोबर जाऊ लागल्या. ‘कॅप्टन’ नावाच्या पांढऱ्या घोड्यावर त्या पुढे आणि मागे बैलगाड्यांतून मुली, पुढे पुढे तर अख्खी कुटुंबे, असे तांडे निघत. वाटेतले शेतकरी त्यांना जेवूखाऊ घालत. अविवाहित मुलीला त्या शक्यतो विवाहित शेतकऱ्याच्या घरी कामाला लावत. गावोगावी त्यांनी नोकरीची नोंदणी सुरू केली. प्रत्येक नेमणुकीचा करारनामा तीन प्रतींत होई : एक मालकाला, एक कामगाराला आणि एक त्यांच्या दप्तरी. लिहिता-वाचता न येणाऱ्या मोलकरणीच्या हाती पगाराचा आकडा असलेला कागद असणे, ही या साऱ्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे, कारण दानधर्माने एक रात्र निभावते, पण ठरलेला पगार बुडाला तर दाद मागायला कागदच लागतो. कोणाचा पंथ कोणता, हे त्या विचारत नसत. तरीही जॉन डनमोर लँग या प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतील एक शाखा) धर्मगुरूंनी त्यांच्यावर वसाहत कॅथलिकांनी भरून टाकण्याचा आरोप केला.

१८४२ साली ‘कार्थेजिनियन’ जहाजाच्या कप्तानावर आणि डॉक्टरवर एका प्रवासी स्त्रीच्या छळाबद्दल खटला भरला गेला व दोघांना शिक्षा झाली. त्यामागेही चिझम यांचा पाठपुरावा होता. मंदीच्या दिवसांत, १८४३ साली, त्यांनी २३ कुटुंबांना शेलहार्बर येथे खासगी जमिनीवर वसवले. १८४६ साली त्या इंग्लंडला निघाल्या तोवर सुमारे ११,००० माणसांना त्यांच्या खटपटीने काम किंवा घर मिळाले होते.

लंडनमध्ये त्यांनी स्थलांतरितांच्या सहाशेहून अधिक जबान्या पुढे ठेवल्या, ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समित्यांसमोर साक्ष दिली आणि सुटका झालेल्या कैद्यांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांना सरकारी खर्चाने तिकडे पाठवण्याचा निर्णय पदरात पाडून घेतला. १८४९ साली स्थापन केलेल्या कुटुंब-वसाहत कर्जसंस्थेत प्रवासी आपल्या भाड्याचा काही भाग स्वतः साठवत आणि उरलेला बिनव्याजी कर्जाने घेऊन कमाईतून फेडत. पतीने १८५१ साली ऑस्ट्रेलियात जाऊन या संस्थेचे काम विनावेतन पाहिले. १८५४ साली कॅरोलिनही मेलबर्नला गेल्या आणि सोन्याच्या खाणींकडे पायी निघालेल्या कुटुंबांना रात्री पाठ टेकता यावी म्हणून त्यांनी वाटेवर निवाऱ्याच्या शेड उभ्या करवल्या.